होनोलुलू ते ग्वाम: अंतर एक, वेळा दोन

श्रोतेहो, नमस्कार.

दाबोळी ते मोपा हवाई अंतर जेमतेम 40 किलोमीटर भरतं. पण वास्कोहून मोपाला विमान पकडायला निघालेला माणूस झुवारी ओलांडतो, मांडवी ओलांडतो, पर्वरीच्या गर्दीचाही विचार करतो आणि हाताशी भरपूर वेळ ठेवूनच घर सोडतो. मधे नुसता समुद्र असेल तर हिशेब सोपा होईल, असं वाटतं ना? तो तसा होत नाही. बोटीवर नोकरी करणारी माणसं आपल्याकडे गावोगाव आहेत आणि बोट गाठायला त्यांना जगाच्या कुठल्याही टोकाचं तिकीट येऊ शकतं. म्हणून आज पॅसिफिक महासागरातली दोन ठिकाणं घेऊ या.

एक हवाईतलं होनोलुलू. दुसरं ग्वाम, जे साधारण आपल्या उडुपीच्या अक्षांशावर येतं. दोघांमधलं अंतर सुमारे 6,100 किलोमीटर, म्हणजे 3,300 सागरी मैल. ताशी 15 सागरी मैल वेगाने जाणाऱ्या बोटीला नऊ दिवस पुरणार नाहीत. भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मोजू नका, फसाल. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही ठिकाणांमध्ये दोरा ताणून धरा. तो थोडा उत्तरेकडे झुकलेला दिसेल. सर्वात जवळची वाट तीच.

आता वेळ. जेट विमान ताशी 900 किलोमीटरच्या आसपास उडतं, म्हणजे पावणेसात तास व्हायला हवेत. पण उंचावर वारे बहुधा पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ग्वामकडे जाताना ते समोरून येतात आणि प्रवास आठ तासांच्या घरात जातो. परतताना तेच वारे पाठीशी असतात, तेव्हा सात तासांत काम होतं.

हे झालं थेट विमानाचं. याच दोन ठिकाणांमध्ये आणखी एक विमान आहे, मला त्याचं फार अप्रूप वाटतं. माजुरो, क्वाजालेन, पोनपेई अशा बेटांवर उतरत, माणसं आणि सामान चढवत-उतरवत, सत्तरीच्या गावागावांत थांबणाऱ्या कदंब बससारखं ते जातं. चौदा-पंधरा तास सहज लागतात. सोबत एक मेकॅनिकही असतो, कारण त्या चिमुकल्या धावपट्ट्यांवर बिघाड झाला तर दुरुस्तीला माणूस कुठून आणणार?

घरच्यांचा खरा घोळ होतो तो घड्याळामुळे. तिकिटावरची वेळ नेहमी त्या त्या गावची असते. ग्वाम आपल्यापेक्षा साडेचार तास पुढे, होनोलुलू साडेपंधरा तास मागे, आणि मधे वाररेषा, जी ओलांडली की वार बदलतो. समजा, होनोलुलूहून सोमवारी सकाळी 7 ला विमान सुटलं आणि मंगळवारी सकाळी 11 ला ग्वामला पोचलं. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा येतो: अठ्ठावीस तास? दोन्ही वेळा आपल्या घड्याळात आणा. सुटलं सोमवारी रात्री साडेदहाला, पोचलं मंगळवारी सकाळी साडेसहाला. आठ तास.

परतीचं तर आणखी चक्रावणारं. मंगळवारी सकाळी 7 ला ग्वाम सोडलेला माणूस होनोलुलूला उतरतो सोमवारी संध्याकाळी 6 ला! गोव्यात तेव्हा मंगळवारची सकाळ, साडेनऊ. पोचल्याच्या फोनची वाट त्यानंतर पाहायची; सामान घेऊन बाहेर पडायला तास-दीड तास जातोच.