पगार थांबला तर घरात किती येतील?

श्रोतेहो, नमस्कार.

"कंपनीचा विमा आहे की, मग काळजी कसली?" चाकण, वाळूज, अंबड, कुठल्याही एमआयडीसीच्या कँटीनमध्ये हे ऐकायला मिळतं. पण त्या विम्यातून बहुतेक वेळा दवाखान्याचं बिल भागतं. हात किंवा पाय निकामी होऊन घरी बसावं लागलं, तर पगाराच्या तारखेला काय येईल, हे वेगळं विचारावं लागतं.

महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा या सरकारी योजनेची वर्गणी, पगारातून कापली जाते. वीस हजारांच्या पगारावर तुमचे फक्त दीडशे रुपये जातात, आणि त्या मानाने संरक्षण खरोखर मोठं आहे. प्रेस मशीनमध्ये बोटं सापडली किंवा कामावर जाता-येता अपघात झाला, तर कामावर परत जाण्याजोगे होईपर्यंत पगाराच्या सुमारे ९० टक्के मिळतात, म्हणजे अठरा हजारांच्या आसपास. अधूपण कायमचं राहिलं, तर कमाईची ताकद किती गेली ते मेडिकल बोर्ड ठरवतं आणि त्या प्रमाणात दरमहा पैसे येतात. आजारपणाला मात्र ७० टक्के, तेही वर्षात ९१ दिवस. क्षय, कॅन्सर, अर्धांगवायू अशा ठरावीक दीर्घ आजारांत ८० टक्के, दोन वर्षांपर्यंत; त्यासाठी आधी दोन वर्षांची सलग नोकरी लागते.

आता बढती मिळाली, पगार तीस हजार झाला. सगळे पेढे वाटतात, पण ईएसआय बंद होतो हे कुणी सांगत नाही. त्याच्या जागी पुष्कळदा ग्रुप अपघात विमा, म्हणजे कंपनीने सगळ्यांचा मिळून काढलेला अपघात विमा असतो. लेथवर हात गेला तर तो कामाचा. अर्धांगवायूचा झटका आला तर त्यातून काहीच नाही. मला सगळ्यात जास्त काळजी याच लोकांची वाटते. तात्पुरत्या अपंगत्वात विम्याच्या रकमेच्या एक टक्का दर आठवड्याला, असं कलम बऱ्याच पॉलिसींत असतं, पण त्याखाली कमाल मर्यादाही असते. समजा विमा दहा लाखांचा आहे आणि मर्यादा आठवड्याला पाच हजारांची. मग दहा हजार विसरा, पाचच येणार. काही पॉलिसींत हे कलमच नसतं. आणि नोकरी सुटली की सहसा ते छत्रही जातं.

म्हणून एचआरकडे पॉलिसीची प्रत मागा. आजार धरलाय का, दर आठवड्याला किती आणि किती आठवडे, एवढं शोधा. शेजारी घराचा हप्ता, किराणा, मुलांची फी मांडा. जी तूट दिसेल तेवढा स्वतःचा अपघात विमा आणि गंभीर आजाराचा विमा घ्या. वर्षाला २० रुपयांची प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना जरूर घ्या, पण पूर्ण अपंगत्वाचे दोन लाख महिना पंचवीस हजारांच्या घराला आठच महिने पुरतात.

आणि पीएफसोबत पेन्शन योजनेतही पैसे जात असतील, तर काम कायमचं अशक्य झाल्यास अपंगत्व पेन्शन मिळते. त्यासाठी दहा वर्षांच्या नोकरीची अट नाही. अर्ज फॉर्म १०-डी मध्ये करायचा.