हिऱ्याचा कट : वरून नव्हे, तळापासून पाहा

नमस्कार. "कट म्हणजे गोल की चौकोनी?" हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, म्हणून ते आधीच सांगून टाकते. गोल, चौकोनी, बदामी हे आकार झाले. कट म्हणजे पैलूंची प्रमाणे, कोन, सममिती आणि झिलई. रंग आणि शुद्धता यांविषयी तुम्ही वाचलेले असतेच.

आज मला हिऱ्याच्या तळाविषयी, म्हणजे पॅव्हिलियनविषयी बोलायचे आहे. हिऱ्याची सर्वांत रुंद कड म्हणजे कंबर, आणि तिच्याखालचा निमुळता भाग म्हणजे पॅव्हिलियन. हिऱ्याचा अपवर्तनांक, म्हणजे तो प्रकाश किती वाकवतो याचे माप, सुमारे २.४२ असल्यामुळे आत शिरलेला किरण पैलूच्या लंबाशी साधारण २४.४ अंशांहून मोठा कोन करून आदळला, तर तो बाहेर न पडता पूर्ण परावर्तित होतो. बेल्जियन अभियंता मार्सेल टोल्कोव्स्की यांनी १९१९ मध्ये गोल हिऱ्यासाठी पॅव्हिलियनचा कंबरेच्या पातळीशी होणारा योग्य कोन गणिताने ४०.७५ अंश काढला. तळ याहून बराच खोल गेला, तर एका बाजूने परतलेला किरण समोरच्या पैलूतून खाली निसटतो आणि वरून मध्यभाग काळवंडलेला दिसतो. बराच उथळ राहिला, तर कंबरेचे प्रतिबिंब करड्या कड्यासारखे आत उमटते. रंग आणि शुद्धता उत्तम असली, तरी हा दोष झाकला जात नाही.

"खोल हिरा म्हणजे भरीव हिरा," असे काही प्रेक्षक आग्रहाने लिहितात आणि त्याचे मला खरोखर वाईट वाटते, कारण नेमके तिथेच पैसे वाया जातात. चांगल्या प्रमाणांचा एक कॅरेटचा गोल हिरा साधारण ६.५ मिलिमीटर व्यासाचा असतो. तेवढ्याच वजनाचा हिरा ६.२ मिलिमीटरचा भरला, तर उरलेले वजन तळात किंवा जाड कंबरेत दडलेले आहे. ते तराजूला कळते, डोळ्यांना दिसत नाही, आणि किंमत मात्र कॅरेटवर लागते. कच्च्या खड्यातले वजन वाचवण्याचा मोह पैलू पाडणाऱ्याला होतो, कारण पूर्ण एक कॅरेट भरताच दर एकदम चढतो.

म्हणून प्रमाणपत्रावर कॅरेटच्या आधी व्यास आणि पॅव्हिलियनचा कोन वाचा. जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट ऑफ अमेरिका ही संस्था २००६ पासून गोल ब्रिलियंट (चमकेसाठी अनेक पैलू पाडलेल्या) हिऱ्यांना कटची श्रेणी देते. बदामी, चौकोनी अशा आकारांच्या प्रमाणपत्रावर ती श्रेणी नसेल, तर सममिती आणि झिलईचे शेरे म्हणजे कटचा दर्जा असे समजू नका. असा हिरा दुकानातल्या झगझगीत दिव्यांपासून दूर, साध्या उजेडात सावकाश हलवून पाहा आणि मधला भाग काळाच राहतो का, हे तपासा.