आठ मुळे

श्रोतेहो, नमस्कार.

आज मुळ्यांची गोष्ट सांगणार आहे. आठच मुळे होते, पण त्यांनी मला चांगलंच तोंडघशी पाडलं.

उमरेड ओलांडून भिवापूरच्या बाजूला गेलं की एक छोटं गाव लागतं. मिरचीचं गाव. थंडीत तिथं अंगणात, छपरावर लाल मिरची पसरलेली असते आणि बाया सातऱ्यावर, म्हणजे मिरची वाळवायच्या आवारात, देठं खुडायला गेलेल्या असतात. तिथल्या जिल्हा परिषद शाळेत पहिली ते चौथीची 41 पोरं. बँकेतून निवृत्त झाल्यावर मी दर शनिवारी एसटीनं तिथं जायला लागले, परसबागेसाठी. बागेतलं मला काय कळत होतं? गॅलरीत एक तुळस आणि दोन गुलाब, एवढाच माझा अनुभव.

तो पहिल्याच पावसाळ्यात उघडा पडला. मी सपाट वाफ्यात मेथी पेरायला लावली. आपली काळी माती पाणी धरून बसते, मेथी कुजली. मग एका पोराच्या आजीनं येऊन फावड्यानं माती ओढली, उंच गादीवाफे करून दिले आणि जाताना म्हणाली, "बाई, हे वावर हाय. कुंडी नाही."

दिवाळीनंतर पुन्हा पेरलं. मेथी, पालक, मुळा, सांबार. विदर्भाबाहेरच्या श्रोत्यांसाठी सांगते, सांबार म्हणजे कोथिंबीर, इडलीबरोबरचं नव्हे. हात धुण्याच्या नळाचं पाणी पोरांनी पाट काढून बागेत वळवलं. डिसेंबरच्या मध्यावर बाग अशी तरारली की मला राहवलं नाही. म्हटलं, उत्सव करू या! पाहुणे बोलवू, त्यांच्या हस्ते पहिली भाजी काढू.

ही कल्पना माझी. शाळेची नाही, पोरांची तर नाहीच.

आता डिसेंबरात नागपूर जिल्ह्यात एखाद्या साहेबाची तारीख मागणं म्हणजे काय, ते तुम्हाला माहीत आहे. हिवाळी अधिवेशन! अर्धे साहेब त्याच्या कामात, उरलेले त्याच्या तयारीत. तारीख एकदा पुढं गेली, मग नवीन वर्षात गेली, मग आणखी एक आठवडा. इकडे खिचडी शिजवणाऱ्या ताई मला विचारायच्या, "मॅडम, दारात भाजी हाय, अन् मी आलूच टाकू काय?" पोषण आहारात या वयाच्या मुलाला रोज 50 ग्रॅम भाजी धरलेली असते. 41 पोरांना दोन किलो पुरते, आणि एका वाफ्यातच तेवढी मेथी उभी होती. तरी मी म्हणाले, "थोडं थांबू या ताई, कार्यक्रम होऊ दे."

त्याच दिवसांत पाण्याच्या टाकीमागचे आठ मुळे अचानक माना टाकायला लागले. पानं पिवळी, लुळी. मला वाटलं, कीड! पाच किलो निंबोळीला शंभर लिटर पाणी, हे प्रमाण मी वाचलेलं होतं. त्या हिशेबानं अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवली, सकाळी गाळली, थोडं साबणाचं पाणी घातलं आणि मन लावून फवारलं. पोरं गोल करून बघत होती. एकही हूं की चूं करत नव्हतं. तेव्हाच संशय यायला हवा होता.

कार्यक्रम झाला तो जानेवारीच्या दहा तारखेला. रांगोळी, नारळ, वाफ्याला लाल फीत. मेथीला फुलं आलेली, मुळ्याचे दांडे कमरेइतके वाढलेले. साहेब मात्र मनमोकळे निघाले. फीत कापून त्यांनी स्वतः एक मुळा उपटला, धुतला आणि आता चावणार, तोच तिसरीतला एक जण पुढं आला.

"साहेब, तो नका खाऊ. जून झाला. मागच्या महिन्यात लय गोड होता."

साहेबांनी विचारलं, "तुला कसं माहीत रे?"

सगळी शाळा गप्प. मग कोपऱ्यातून खुसखुस सुरू झाली आणि मी टाकीमागं जाऊन बघितलं. आठही झाडांची पानं मातीत नीट खोचून ठेवलेली, खाली मुळा नाहीच! मी चार दिवस रिकाम्या मातीवर औषधोपचार करत होते. साहेबांच्या हातातला मुळा कापून पाहिला तर आत नुसता कापूस.

मला राग आला नाही, लाज वाटली. आठ मुळे 41 जणांत वाटून खाल्ले होते, एकेकाला जेमतेम दोन चकत्या.

आजी मात्र खूश होती. म्हणे, "जून झाला तं होऊ दे, डिंगऱ्या येतील." आणि खरंच, महिनाअखेर त्या दांड्यांना हिरव्या कोवळ्या शेंगा लागल्या. 26 जानेवारीला झेंडावंदन झालं, पोरांनी शर्टाच्या ओच्यात डिंगऱ्या तोडल्या, ताईंनी लसणाची फोडणी दिली. पाहुणा कोणी नव्हता. मी ताट घेऊन दुसरीच्या पंगतीत बसले.

दोन झाडांना आजीनं हात लावू दिला नाही. बियाण्यासाठी. त्याची पुडी आता शाळेच्या कपाटात हजेरीपटाच्या वर आहे, आणि तिच्यावर पेन्सिलीनं कुणीतरी लिहून ठेवलंय: "मॅडमला विचारू नये."