ए, बी आणि मग के : सोहराच्या चर्चमधली मुळाक्षरं

नमस्कार मंडळी! आधी हा फळा बघा. ए, बी आणि पुढे… के. सी नाहीच. लिहिताना चुकलेलो नाही मी. मेघालयातली खासी मुलं मुळाक्षरं अशीच म्हणतात. जीच्या पुढे एन आणि जी मिळून एकच अक्षर येतं, मग एच. हा क्रम कुठून आला, हे शोधत गेलं की आपण एका लहानशा गावातल्या प्रेस्बिटेरियन चर्चपाशी पोचतो.

गाव तुमच्या ओळखीचं आहे. भूगोलाच्या पुस्तकातलं चेरापुंजी. तिथली माणसं त्याला सोहरा म्हणतात, म्हणून मीही सोहराच म्हणणार.

२२ जून १८४१. ऐन पावसाळ्यात थॉमस जोन्स हे मिशनरी आणि त्यांची पत्नी अ‍ॅन इथे पोचले. जोन्स हे वेल्समधल्या एका सुताराचे चिरंजीव. खासी भाषेला तेव्हा स्वतःची लिपी नव्हती. बंगालमधल्या सेरामपूरच्या मिशनऱ्यांनी बंगाली अक्षरांत खासी पुस्तकं छापली होती. सेरामपूर म्हणजे विल्यम कॅरींचं, ज्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं तेच. जोन्सनी मात्र बंगाली अक्षरं बाजूला ठेवली आणि रोमन घेतली. पण कान वेल्शच राहिला! वेल्शमध्ये सीचा उच्चार कायम 'क', म्हणून त्या जागी के बसला. जीच्या मागोमाग एन-जी हेही थेट वेल्श वर्णमालेतलं. आणि त्यांनी सोहराची बोली लिहिली, म्हणून पुढे तीच प्रमाण खासी ठरली. मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

१८४६ मध्ये पहिल्या दोघांचा बाप्तिस्मा झाला आणि सोहरातल्या नॉन्गसाव्लियाची मंडळी, म्हणजे चर्चचा समुदाय, उभी राहिली. प्रेस्बिटेरियन म्हणजे काय, तर इथे बिशप नसतो. मंडळीनेच निवडलेले वडीलजन कारभार बघतात.

जोन्सच्या वाट्याला मात्र फार वाईट दिवस आले. १८४५ मध्ये बाळंतपणात अ‍ॅन गेल्या. मग व्यापारात पडल्याच्या कारणावरून १८४७ मध्ये मिशनने त्यांना काढून टाकलं. त्यात हॅरी इंग्लिस हा तिथला बडा इंग्रज व्यापारी. त्याच्या जुलमाविरुद्ध जोन्स खासींच्या बाजूने उभे राहिले आणि त्यांनाच जंगलातून पळ काढावा लागला. मलेरिया झाला. १८४९ मध्ये कलकत्त्यात वारले, वयाच्या चाळिशीच्या आतच. स्कॉटिश दफनभूमीत त्यांची कबर आहे.

१२ जून १८९७ च्या भूकंपात खासी डोंगरातली दगडी बांधकामं कोसळली, चर्चही त्यात आली. ती पुन्हा बांधली गेली.

आता मला सगळ्यात भावलेला भाग. सगळे खासी काही ख्रिस्ती झाले नाहीत. जीबन रॉय यांनी १८९६ मध्ये री खासी प्रेस काढला. आपला मूळ धर्म आणि चालीरीती टिकाव्यात म्हणून १८९९ मध्ये 'सेंग खासी' ही संस्था उभी राहिली. या लोकांनी आपल्या पूर्वजांच्या धर्माविषयी लिहिलं ते कोणत्या अक्षरांत? याच. ए, बी, के. चर्चची अक्षरं चर्चबाहेर गेली आणि सगळ्यांची झाली.

ज्यांना त्यांच्याच मिशनने काढून टाकलं होतं, त्या जोन्सच्या कबरीवर आज 'खासी अक्षरांचे आणि साहित्याचे जनक' असं कोरलंय. आणि खासी-जैंतिया डोंगरात २२ जूनला त्यांच्या नावाने सुट्टी असते.