नाफच्या मुखाशी

(पहाट. बांगलादेशातलं टेकनाफ, कायुकखाली घाट. बोटीवर माल चढतोय.)

आधी तांदळाची पोती. त्यांवर कांदे-बटाटे. तेलाचे डबे कडेला, आणि गॅसची सिलिंडरं सगळ्यांत शेवटी, मधोमध, दोरखंडानं आवळून. एवढं झाल्यावर उरेल ती जागा माणसांची. एक बाई मांडीवर कोंबड्यांची टोपली घेऊन बसली आहे. शेजारच्या मुलाच्या हातात औषधांची पिशवी आहे. तुषार आत जाऊ नयेत म्हणून त्यानं तिला तीन गाठी मारल्या आहेत.

ही बोट सेंट मार्टिनला निघाली आहे. बांगलादेशच्या अगदी दक्षिण टोकाला, मुख्य भूमीपासून नऊएक किलोमीटर समुद्रात सुटून पडलेलं बेट. वस्ती दहा हजारांच्या आसपास. तांदूळ, डाळ, तेल, इंधन, औषधं, बेटावरच्या चुलीला आणि उशाशी लागणारं जवळजवळ सगळं वर्षाचे बारा महिने अशा लाकडी बोटींतून जातं.

(बेटाचं आकाशातून दृश्य. माडांची रांग, काळे खडक, उथळ हिरवं पाणी.)

इथले लोक बेटाला नारिकेल जिंजिरा म्हणतात. नारिकेल म्हणजे नारळ. आणि जिंजिरा हा शब्द आपल्याला परका नाही. अरबीत जझीरा म्हणजे बेट. अरबी खलाशांच्या तोंडचा हा शब्द मुरूडच्या समुद्रात जंजिरा झाला, इथे जिंजिरा झाला. बेटाच्या दक्षिणेला छेडा द्वीप आहे. भरतीला तो तुटतो, ओहोटीला पुन्हा जोडला जातो. प्रवाळांमुळे आणि कासवांच्या विणीमुळे १९९९ मध्ये हा सगळा परिसर पर्यावरणदृष्ट्या संकटग्रस्त म्हणून जाहीर झाला. २०२२ मध्ये भोवतालचा १,७४३ चौरस किलोमीटर समुद्र संरक्षित झाला.

पश्चिमेला नुसता समुद्र. पूर्वेला, निरभ्र दिवशी नुसत्या डोळ्यांनी दिसणारी ती डोंगरांची निळी रेघ म्हणजे म्यानमार. अंतर आठेक किलोमीटर.

(नाफ नदी. बोट दक्षिणेकडे. माझीचा चेहरा.)

बोट हाकणाऱ्याला इकडे माझी म्हणतात. आपल्या कोकणातला तांडेल, तोच हा. नाफ नदी म्हणजे दोन देशांमधली सीमा. उजव्या हाताला टेकनाफ, पुढे शाहपरीर द्वीप. डाव्या हाताला म्यानमारचं राखाइन राज्य. रुंद, संथ, गढूळ पाणी. इथपर्यंत बोट चालवायला कोणीही चालेल. खरी परीक्षा नदीच्या मुखाशी.

मुखाशी गाळ साचून वाळूचे दांडे तयार झालेत. दर पावसाळ्यात त्यांची जागा थोडीफार बदलते. भरतीला पाणी पुरेसं असलं की माझी दांड्यांवरून सरळ निघतो. ओहोटीला ते जमत नाही. मग खोल पाणी शोधत बोट डावीकडे घ्यावी लागते, म्यानमारच्या नाइखोंगदिया काठाच्या बाजूला. बघा, नाळेवर एक पोरगा बांबू घेऊन उभा आहे. बांबू पाण्यात सोडतो, वर ओढतो, ओल कुठवर चढली ते बघतो आणि हात हलवतो. डावीकडे. आणखी थोडं डावीकडे. त्याच्या हातावर माझीची नजर. इंजिनाचा आवाज उतरलेला. गाडीरस्त्यावर एखादं वळण असावं तसं हे पाण्यातलं वळण आहे, पिढ्यान्‌पिढ्या सरावाचं. बेटाची रसद याच वळणातून जाते.

आणि याच वळणावर गोळ्या झाडल्या गेल्या.

(पलीकडच्या काठावरचा धूर, दुरून.)

म्यानमारमध्ये १ फेब्रुवारी २०२१ रोजी लष्करानं सत्ता हातात घेतली. निवडून आलेलं सरकार गेलं, नेते तुरुंगात गेले, रस्त्यावर उतरलेल्या माणसांवर गोळीबार झाला, आणि मग देशभर सशस्त्र लढा पेटला. राखाइनमध्ये लष्करासमोर उभी होती आराकान आर्मी, राखाइन लोकांसाठी स्वतःचं राज्य मागणारी संघटना. काही काळ दोघांत शस्त्रसंधी टिकली. १३ नोव्हेंबर २०२३ला ती मोडली, आणि त्यानंतर एकेक ठाणं, एकेक गाव पडत गेलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये म्यानमारचे सीमारक्षक जीव वाचवायला हत्यारांसकट बांगलादेशात आले. १५ फेब्रुवारीला अशा ३३० जणांना जहाजातून परत पाठवण्यात आलं. उन्हाळा येईपर्यंत लढाई माँगडॉपाशी, म्हणजे टेकनाफच्या बरोब्बर समोर येऊन ठेपली. स्फोटांनी सेंट मार्टिनवरच्या घरांची पत्र्याची छपरं थरथरायची.

या नदीनं याआधीही पुष्कळ पाहिलं आहे. ऑगस्ट २०१७ नंतर सात लाखांहून अधिक रोहिंग्या याच सीमेवरून आले. कितीतरी जण नाफच्या पाण्यातून, शाहपरीर द्वीपच्या किनाऱ्यावर. त्या वेळी पाण्यावर माणसं होती. २०२४ मध्ये पाण्यावरून गोळ्या आल्या.

५ जून २०२४. उपजिल्हा निवडणुकीचं मतदान आटोपून कर्मचारी बेटावरून टेकनाफला परतत होते. वळणावर बोट आली आणि पलीकडच्या बाजूनं गोळीबार झाला. पुढच्या काही दिवसांत तो पुन्हा झाला. बोटी थांबल्या.

(बोटीच्या केबिनची फळी, जवळून.)

हे भोक बघा. करंगळी जाईल एवढं. आता त्यात लाकडाची खुंटी ठोकून वर निळा रंग दिला आहे. रंग फळीच्या रंगाशी जुळत नाही. माझी त्यावर काही बोलत नाही, नुसतं बोट ठेवून दाखवतो.

जून म्हणजे इथला सगळ्यांत रिकामा महिना. २०२४ मध्ये २० मे ते २३ जुलै समुद्रात मासेमारीला बंदी होती, ६५ दिवस. पर्यटक केव्हाच गेलेले. गाठीला जे असेल त्यावर घर चालायचं. त्यात बकरी ईद आठवड्यावर आलेली, १७ जूनला. दुकानांतली पोती संपत आली, भाव चढले. १४ जूनला उत्तरेकडच्या कॉक्स बाजार शहरातून जहाज माल घेऊन आलं. तोवर बेटानं दिवस मोजून काढले. क्षितिजावर म्यानमारच्या युद्धनौका दिसत होत्या, त्यांच्या अलीकडे बांगलादेशच्या नौदलाची गस्त. फोनवर अफवा फिरत होत्या, बेट गेलं म्हणून. १६ तारखेला लष्कराच्या जनसंपर्क विभागाला निवेदन काढून लोकांना सांगावं लागलं की या अफवांवर विश्वास ठेवू नका.

(उघडा समुद्र. बोट लाटेवर चढते, उतरते.)

वळण टाळायचा एक रस्ता आहे. शाहपरीर द्वीपच्या पश्चिमेकडून सरळ उघड्या समुद्रात शिरायचं. थंडीत हा रस्ता सोपा वाटतो. पण वळण बंद पडल्यावर हा रस्ता लागला तो पावसाळ्यात, आणि पावसाळ्यातला बंगालचा उपसागर या बोटींसाठी नाही. आम्ही हे चित्रण केलं तो शांत दिवस मानला जातो. कॅमेरा धरणाऱ्याला डोलकाठीला बांधून घ्यावं लागलं.

म्हणून हे इथेच आणि स्पष्ट म्हणायला हवं. या बेटाला बाराही महिने लाट सोसेल अशी एक धड बोट हवी आहे, आणि वाळूचे दांडे उपसून बांगलादेशच्याच बाजूनं जाणारी खोल वाट हवी आहे. पलीकडची लढाई कोणाच्या हातात नाही. अलीकडचा गाळ आहे.

(कोळी जाळं आवरतात. बोटीवर बांगलादेशचा झेंडा.)

कागदावर समुद्राची वाटणी झालेली आहे. समुद्री कायद्याच्या आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणानं १४ मार्च २०१२ रोजी निकाल दिला. त्यात, म्यानमारचा समुद्र जिथे आड येत नाही तिथे, सेंट मार्टिनला बारा सागरी मैलांचा हक्क मान्य झाला. पण जाळं प्रवाहाबरोबर जातं, इंजिन कधी बंद पडतं, धुक्यात काठ दिसत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ला म्यानमारच्या नौदलाच्या गोळीबारात बांगलादेशी बोटीवरचा एक कोळी मारला गेला. ८ डिसेंबरला माँगडॉ पूर्णपणे आराकान आर्मीकडे गेलं, आणि बांगलादेशला लागून असलेली जवळजवळ २७० किलोमीटरची सगळी सीमा त्यांच्या ताब्यात आली. आता कोळ्यांना पकडणारे हेही. २०२५ मध्ये नाफच्या मुखाशी बोटींसकट कोळ्यांना उचलून नेण्याचे प्रकार सुरूच राहिले. काही परतले. काहींच्या घरी अजून वाट बघणं चालू आहे.

(दुपार. बेटावरची बंद हॉटेलं. किनाऱ्यावर कुत्रे.)

पर्यटकांची जहाजं आता टेकनाफहून सुटत नाहीत. ती कॉक्स बाजारहून येतात, सहा-सात तासांचा प्रवास करून. २०२४च्या हंगामापासून रोज दोन हजारांचीच मर्यादा आहे, नोव्हेंबरात मुक्कामाला बंदी, फेब्रुवारीपासून बेट बंद. हे निर्बंध प्रवाळांसाठी आहेत, युद्धाशी त्यांचा संबंध नाही, आणि प्रवाळ वाचायलाच हवेत. पण घरातल्या डब्याला ही कारणं वेगवेगळी कळत नाहीत. हॉटेलांच्या उरल्यासुरल्या अन्नावर जगणारे हे कुत्रे आता जेटीवर बोटीची वाट बघतात.

(जेटी. परतीची बोट.)

परतीचा माल कमी असतो. सुक्या मासळीच्या करंड्या, नारळ. आज शहाळ्यांच्या ढिगाशेजारी गोधडी अंथरून एका म्हातारीला निजवलं आहे. तिला टेकनाफच्या दवाखान्यात न्यायचं आहे. मुलगा तिच्या डोक्यावर छत्री धरून उभा आहे. ऊन चढतं तसा छत्री सरकवतो.

इंजिन तयार आहे, माणसं बसली आहेत. माझी मात्र अजून दोर सोडत नाही. मुखाशी पुरेसं पाणी असेल तर म्यानमारच्या काठाकडे जावं लागणार नाही. तो घड्याळात बघत नाही. जेटीच्या खांबावर शेवाळाचा हिरवा पट्टा आहे, तो पाण्याखाली गेला की निघायचं.

पट्टा अजून वीतभर उघडा आहे.