सीएफएचे ३०० तास नोकरी करून आणायचे कुठून?

सीएफए म्हणजे चार्टर्ड फायनान्शियल अॅनालिस्ट, गुंतवणूक क्षेत्रातली परीक्षा. तिच्या लेव्हल वनला, म्हणजे पहिल्या टप्प्याला, ३०० तास अभ्यास लागतो, हा आकडा तुमच्या कानावर आलाच असेल. तो कुठल्या क्लासवाल्याने काढलेला नाहीये, परीक्षा घेणारी सीएफए इन्स्टिट्यूट स्वतःच सांगते की पास होणारे एकेका लेव्हलला साधारण ३०० तास किंवा त्याहून जास्त देतात. आणि अशा लेव्हल ३ आहेत. नोकरी, प्रवास, घर सांभाळून हे तास बसतात कसे, तेच आज बघू.

सकाळची वेळ, ठाणे स्टेशन, नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्म, इथून वाशी-पनवेलच्या गाड्या सुटतात. या गर्दीत उभी असलेली ही मुलगी वर्तकनगरला राहते, ऐरोलीच्या एका आयटी पार्कात फंड अकाउंटिंगला आहे, आत्ता मोबाईलवर एथिक्सच्या, म्हणजे व्यावसायिक नीतिमत्तेच्या विषयाच्या, नोट्स चालू आहेत. हे पण अभ्यासाच्या तासांत धरतेस का, असं विचारलं तर पटकन म्हणाली, "नाही हो, हे नाही धरत. ट्रेनमधे फक्त उजळणी. वही आणि कॅल्क्युलेटर घेऊन बसले तरच तो तास."

मला हे शंभर टक्के पटलं, कारण बहुतेकांचा हिशोब गडबडतो तो इथेच. लेक्चर लावून जेवलो, त्याचा एक तास, येता जाता वाचलं, त्याचा एक तास, असं करत वहीत ३०० होतात आणि बॉन्डचं साधं गणित समोर आलं की हात चालत नाही.

आता तिचा आठवडा बघा. ऑफिसवरून आल्यावर रोज दीड तास, म्हणजे ५ दिवसांचे साडेसात, आणि शनिवार-रविवार मिळून १०. झाले साडेसतरा. या वेगाने ३०० व्हायला १७ आठवड्यांच्या वर लागतात, म्हणजे कागदावर ४ महिने. पण कागदावरच हां! फेब्रुवारीची परीक्षा धरली तर मधे गणपती, नवरात्र, दिवाळी, आणि तुळशीचं लग्न लागलं की नात्यातली लग्नं सुरू, ऑगस्टची धरली तर मार्च एंड आडवा येतो आणि फायनान्समधे काम करणाऱ्याला मार्च एंडला घरी यायचीच मारामार, अभ्यास कुठला. म्हणून नोकरीवाल्यांनी ६ महिने धरावेत असं माझं स्पष्ट मत आहे, आणि घरच्यांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर दर रविवारी कोणाच्या तरी बारशाला जावं लागतं.

सगळ्यांना ३००च लागतात असंही नाही. सीए इंटर झालेल्याला बॅलन्स शीट नव्याने शिकायची नसते, त्याचे बरेच तास वाचतात, फक्त आयएफआरएस (आंतरराष्ट्रीय हिशोबाचे नियम) आणि यूएस गॅप (अमेरिकेतले हिशोबाचे नियम) यांमधला फरक नीट बघायचा, लिफो, म्हणजे शेवटी आलेला माल आधी विकला असं धरून किंमत काढणं, आपल्याकडे चालत नाही, आयएफआरएसमधे पण नाही, अमेरिकेत मात्र चालतं. इंजिनिअरचं उलटं असतं, क्वांट, म्हणजे गणित-संख्याशास्त्राचा विषय, त्याला सोपं जातं आणि अकाउंट्सला तो आठवडेच्या आठवडे अडकतो.

आता हा कॅल्क्युलेटर जरा जवळून बघा, बीए टू प्लस, फायनान्सच्या गणितांसाठीचा. स्क्रीनवर वर बारीक अक्षरात बीजीएन दिसतंय ना, याचा अर्थ तो हप्ता प्रत्येक मुदतीच्या सुरुवातीला धरतोय, शेवटी नाही. मागचं गणित तसं होतं म्हणून मोड बदलला आणि पुढच्याला आकडे पुसले, पण आकडे पुसून मोड जात नाही, तो वेगळा काढावा लागतो! रीत बरोबर, उत्तर चूक. हे व्हिडिओ बघून अंगात येत नाही, बोटांना सवय लागावी लागते, आणि ती सवयसुद्धा याच तासांत लावायची असते.

कारण पेपरात १८० प्रश्न आहेत, ९०-९० चे दोन भाग, एका भागाला १३५ मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला फक्त ९० सेकंद. पर्याय ३, निगेटिव्ह मार्किंग नाही, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. आणि एथिक्सला १५ ते २० टक्के वजन आहे, तरी लोक ते शेवटच्या आठवड्यावर ढकलतात, याचं खरंच वाईट वाटतं.

ही मुलगी शेवटच्या महिन्यात दर रविवारी घराजवळच्या अभ्यासिकेत पूर्ण साडेचार तासांचा मॉक, म्हणजे सराव पेपर, देते, फोन बंद करून. मग सोमवार ते बुधवार रोजचा तो दीड तास फक्त तपासायला, कुठला चुकला, का चुकला, आणि बरोबर आलेला नक्की येत होता की अंदाजाने ठोकला होता. म्हणजे एका मॉकचे ९ तास, चार मॉकचे ३६. हे ३६ तास तिने पहिल्याच दिवशी ३०० मधून बाजूला काढून ठेवलेत, शेवटी वेळ उरला तर बघू म्हणून सोडलेले नाहीत.