कपाटातला दिवा आपोआप लागावा, पण रात्री दोन वाजता नको

(हातात हँगरवर दोन पॅन्टी. मागे अर्धवट उजेडातली कपाटं.)

या दोन पॅन्टींपैकी एक काळी आहे आणि एक नेव्ही ब्लू. कुठली कुठली, सांगता येतंय? मला नाही येत. मागे एका लग्नाला मी काळा कोट आणि निळी पॅन्ट घालून गेलो होतो. घरात दोन्ही काळंच दिसत होतं. कार्यालयाच्या दारात उन्हात उभा राहिलो तेव्हा कळलं, आणि तोवर फोटोग्राफर आलेला होता.

मी आत्ता उभा आहे त्याला बिल्डरच्या ब्रोशरमध्ये वॉक-इन वॉर्डरोब म्हटलंय. खरं तर हा बेडरूम आणि बाथरूमच्या मधला बोळ आहे. सहा फूट बाय चार फूट, दोन्ही बाजूंना कपाटं, खिडकी नाही आणि बोळाला दारही नाही. दिव्याचं बटण पलंगाच्या पलीकडे. म्हणजे दोन्ही हातांत इस्त्रीचे कपडे घेऊन आलात, तर आधी ते पलंगावर ठेवा, मग बटण लावा, मग परत उचला. म्हणून म्हटलं, आपोआप लागणारा दिवा बसवू. वर्षभरात तीन प्रकार बसवले आणि त्यातले दोन काढले.

एक गोष्ट आधीच सांगतो. वीज वाचेल म्हणून हे करत असाल, तर नका करू. नऊ वॉटचा बल्ब रोज अर्धा तास लागला तर वर्षाला दीड-पावणेदोन युनिट होतात. सेन्सर चोवीस तास जागा असतो. तो अर्धा वॉट जरी खात असला तरी वर्षाला चार युनिटच्या वर गेला! राखणदाराचा पगार मालापेक्षा जास्त. हे फक्त सोयीसाठी करायचं.

(हातात चार्जिंगची पट्टी.)

पहिला प्रकार हा. चार्ज करायची, लोहचुंबकाने चिकटवायची पट्टी. वायरमन नको, भिंत फोडायला नको. आतला सेल साधारण हजार एमएएचचा आणि दिवा दीड वॉटचा धरला, तर सलग अडीच तास चालतो. दिवसातून वीसदा, दर वेळी वीस सेकंद लागला, तर कागदावर बावीस दिवस जायला हवेत. आमच्याकडे दोन आठवडेही गेले नाहीत, कारण बाथरूमला जाणारा प्रत्येक जण तो लावूनच जातो. शिवाय बऱ्याच पट्ट्यांना अंधार ओळखणारा डोळाही असतो. बेडरूमचा दिवा चालू असला की पट्टीला वाटतं उजेड आहे, आणि ती लागतच नाही. कपाटात मात्र काळोखच. भाड्याच्या घरात किंवा माळ्यावर ठीक आहे. रोजच्या कपाटाला नाही.

दुसरा प्रकार मायक्रोवेव्ह सेन्सर. दुकानदार म्हणाला, "हा जास्त पॉवरफुल आहे." होता! हा लहरी सोडून हालचाल ओळखतो, आणि त्या प्लायमधून, पातळ भिंतीतून आरपार जातात. बेडरूमचा पंखा फिरला तरी त्याला वाटायचं कोणीतरी आलं. संवेदनशीलता कमी करून पाहिली, तर मग मी समोर उभा असतानाही ढिम्म. गोडाऊनमध्ये, पार्किंगमध्ये तो उत्तम चालेल. आमच्या बोळाला नको.

शेवटी आलो पीआयआरवर, म्हणजे पॅसिव्ह इन्फ्रारेड सेन्सरवर. हा स्वतः काही सोडत नाही, फक्त अंगाची उष्णता हललेली बघतो. प्लायच्या पलीकडचं त्याला दिसत नाही, काचेच्या पलीकडचंही नाही. पण त्याचे नखरे समजून घ्यायला हवेत.

हा नखरा बघा. मी सेन्सरच्या दिशेने सरळ चालत येतो... नाही लागला. आता आडवा जातो... लागला. त्याच्या नजरेसमोरून आडवं गेलेलं त्याला चटकन कळतं, सरळ अंगावर येणारं उशिरा. म्हणून तो बोळाच्या टोकाला, येणाऱ्याच्या समोर लावू नका. तोंडाशी, आत शिरताना त्याच्यासमोरून आडवं जावं लागेल असा लावा.

आम्ही आधी टोकालाच लावला होता. त्याचं तोंड थेट पलंगाकडे. रात्री दोन वाजता बायकोने कूस बदलली की बोळात लख्ख उजेड! चार रात्री काढल्या. पाचव्या दिवशी वायरमन जागा बदलायचे आठशे सांगत होता, म्हणून मी आधी सेन्सरच्या दुधी प्लास्टिकच्या भिंगावर पलंगाच्या बाजूने काळी इन्सुलेशन टेप लावली, अर्ध्या डोळ्यावर. ती बाजू आंधळी झाली. ती टेप अजून तशीच आहे. (कॅमेरा वर.) दिसते बघा.

दुसरं म्हणजे वेळ. साडी निवडताना माणूस काय करतो? उभा राहतो, निव्वळ बघत. सेन्सरला वाटतं गेला. मग अंधार, मग हात हलवा. आमच्या आईचं म्हणणं, "याला आरती ओवाळावी लागते." बहुतेक सेन्सरच्या मागे एक छोटा स्क्रू असतो, पेचकसने फिरवायचा. दुकानातून तो बहुधा कमीतकमी वेळेवर येतो. तीन मिनिटांवर न्या. विदर्भातल्या मंडळींनी अजून एक लक्षात ठेवा. मे महिन्यात खोलीच अंगाइतकी तापली की पीआयआरला माणूस आणि भिंत यांतला फरक कळेनासा होतो. सेन्सर बिघडला समजून बदलू नका, कूलर लावून बघा.

तुमच्या वॉर्डरोबला दार असेल, तर मात्र हे सगळं विसरा. दाराला लोहचुंबकाचा स्विच लावा. दार उघडलं की दिवा, मिटलं की बंद. त्याला उन्हाळा कळत नाही, कूस कळत नाही. तसाच एक कपाटाच्या पल्ल्याचा इन्फ्रारेड सेन्सर मिळतो. तो पल्ल्यावरून परत आलेला किरण बघतो, त्यामुळे पल्ला आतून काळा मॅट असेल तर फसतो. तिथे नाण्याएवढा पांढरा स्टिकर चिकटवला की काम होतं. आणि ऐन लग्नसराईत कपडे कोंबून पल्ला नीट मिटला नाही, तर आत रात्रभर दिवाळी. मोबाईलवर चालणारे, वायफायचे दिवे? कपाटासाठी ॲप उघडायचं असेल, तर बटण काय वाईट होतं?

आता उजेडाबद्दल, कारण पॅन्टीचा घोळ सेन्सरने सुटत नाही. छताच्या मधोमध दिवा लावला की आपण कपाटाकडे तोंड करतो आणि आपलीच सावली कपड्यांवर पडते. त्यापेक्षा कपाटाच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने, उभी एलईडी पट्टी लावा, दुधी झाकणाच्या ॲल्युमिनियम पट्टीत. नुसती चिकटवली तर चकचकीत सनमायकावर ठिपक्यांची रांग दिसते. खोक्यावर दोन आकडे बघा. उजेडाचा रंग 4000 केल्विनचा घ्या. 3000 च्या पिवळ्या उजेडात निळा प्रकाश कमी असतो, म्हणून नेव्ही ब्लू काळा दिसतो. आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, 90 च्या पुढे. 80 वाल्यात कुंकवाचा लाल आणि मरून मळकट वाटतात, मग ब्लाउज मॅच होत नाही आणि बोलणी दिवा आणणाऱ्याला बसतात.

अडॅप्टर गरजेपेक्षा मोठा घ्या. मीटरला दहा वॉटची पट्टी अडीच मीटर लागली तर पंचवीस वॉट होतात, त्याला छत्तीसचा घ्या. तो साड्यांच्या मागे कोंबू नका, वर माळ्यावर हवेशीर ठेवा. आणि साधा तारेचा बल्ब कपाटात अजिबात नको. अमेरिकेच्या वायरिंग नियमांत कपड्यांच्या कपाटात उघड्या तारेच्या बल्बला चक्क बंदी आहे, तो तापतो म्हणून.

राहिला एक प्रश्न, ज्याचं उत्तर कुठल्याच खोक्यावर नव्हतं. सेन्सरला वीज येते जुन्या बटणातून, म्हणजे ते बटण कायम चालू हवं. आणि आमच्या आईने चाळीस वर्षं खोलीतून निघताना बटण बंद केलंय. आठवडाभर रोज सकाळी सेन्सर मेलेला. आधी बटणावर चिठ्ठी लावली, मग सेलोटेप. टेप काढून बंद केलं. शेवटी वायरमनला सांगून वीज आणणारी तार, म्हणजे फेज, बटणाच्या आधीच सेन्सरला जोडून घेतली. दुरुस्तीच्या वेळी खालचा एमसीबी पाडायचा. बटण जागेवरच आहे, त्याला काहीच जोडलेलं नाही. आई रोज ते बंद करते.

(नवी पट्टी लागते. पॅन्टी पुन्हा कॅमेऱ्यासमोर.)

डावीकडची निळी होती.